घरचे कार्य, हॉटेलातले जेवण

साठी, पंच्याहत्तरी, मुलाची नोकरी किंवा मुलीचे ठरलेले लग्न अशा प्रसंगी सहकुटुंब चांगल्या हॉटेलात जेवायला जाणे आज मराठी मध्यमवर्गात सर्वमान्य आहे. ही रीत फार जुनी नाही. पूर्वी असे प्रसंग घरच्या पंगतीतच साजरे होत. वाड्याच्या पडवीत किंवा चाळीच्या गॅलरीत पाने मांडली जात, आचारी बोलावला जाई आणि जिलबीचा आग्रह यजमान जातीने करी. बाहेर जेवण्याच्या आड पैसा नंतर आला, जात आधी आली.

कोणाच्या हातचे खाल्ले हा प्रश्न किती जड होता, ते पुण्याच्या चहा-ग्रामण्यावरून दिसते. १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. त्या मंडळींत रानडे आणि टिळकही होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे छापून आणली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा वाद पुढे बराच काळ चिघळला. जिथे कपभर चहाची ही कथा, तिथे बायकामुलांसह परक्याच्या चुलीवरचे जेवण दूरच राहिले.

मुंबईत बाहेर जेवणारा माणूस होता, पण तो नाइलाजाने. बायकामुले गावी ठेवून आलेला गिरणी कामगार महिन्याच्या हिशेबाने खाणावळीत जेवत असे. त्याच्याकडे पाहून कोणाला तिथे सण साजरा करावासा वाटला नसता. १९०३ मध्ये अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल उघडले, तेही संस्थानिक, गोरे प्रवासी आणि धनिकांसाठी. गिरगावातल्या कारकुनाने ते बाहेरूनच पाहिले.

कुटुंबासाठी दार किलकिले झाले ते इराण्याकडे. संगमरवरी टेबले आणि वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या ओलांडून गेले की पुष्कळ इराणी हॉटेलांत मागे किंवा पोटमाळ्यावर ‘फॅमिली रूम’ असे. फळ्यांच्या आडोशाने केलेल्या या खोल्यांत बायकांना लोकांच्या नजरेआड बसून खाता येई. आज ही सोय कोंदट वाटेल. तेव्हा तिच्यामुळेच घरची बाई हॉटेलची पायरी चढली.

सोवळ्याची भिंत मात्र मुद्दाम पाडावी लागली. रत्नागिरीत सावरकरांनी सहभोजनांच्या जोडीला १९३३ मध्ये सर्व जातींना खुले असे अखिल हिंदू उपाहारगृह सुरू केले. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात उपाहारगृहांचा नाव घेऊन उल्लेख झाला आणि १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने तिथे प्रवेश नाकारणे शिक्षापात्र ठरले. मुंबई राज्यातल्या दारूबंदीचाही हॉटेलांच्या रचनेवर परिणाम झाला. परवानाधारकांच्या पिण्यासाठी ‘परमिट रूम’ निघाली. महामार्गावरच्या पाट्यांवर ती आणि फॅमिली रूम अजूनही शेजारी नांदतात.

स्वातंत्र्यानंतर साजरे करण्याजोगे हॉटेल आले ते परप्रांतीय चवी घेऊन. फाळणीनंतर आलेल्या पंजाबी व्यावसायिकांनी तंदूर रुजवला. चर्चगेटला १९५६ मध्ये गेलॉर्ड सुरू झाले. चिनी जेवणाला नेल्सन वाँग यांच्या मंचुरियनने देशी वळण दिले, आणि तो पदार्थ यथावकाश तालुक्याच्या गावापर्यंत पोचला. वाढदिवसाला टोमॅटो सूप, पनीर, नान, शेवटी लिंबाची फोड टाकलेले कोमट पाणी आणि बिलासोबत बडीशेप हा क्रम एका पिढीला पाठ आहे. घरी होत नाही तेच खायला बाहेर जायचे, हा हिशेब सरळ होता. पुरणपोळीसाठी पैसे मोजणे उधळपट्टीत जमा होई.

म्हणूनच मराठी जेवणाला हॉटेलात मानाचे पान उशिरा मिळाले. घरे लहान झाली, दोघेही नोकरीला लागले, पुरण वाटायला कोणाला सवड उरली नाही. तेव्हा थाळीची हॉटेले समारंभाची ठिकाणे बनली. याचा सर्वात ठळक नमुना म्हणजे केळवण. लग्नाआधी आप्तांनी वधूला किंवा वराला घरी बोलावून जेवू घालायचे, ही मूळ रीत. आता पुण्या-मुंबईत कित्येक केळवणे हॉटेलात होतात. आगाऊ सांगितले तर ताटाभोवती रांगोळी, फुलांची महिरप, समई आणि औक्षणाचे तबक यांची तयारी हॉटेलवालेच करतात. वाढपीही आणखी एका मोदकाचा आग्रह करतो. अमर्यादित थाळी असल्याने त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.