डाव्या हातावरील आरोप

उजवा हात शुभ आणि डावा अशुभ, ही समजूत प्राचीन व दूरवर पसरलेली आहे. देवालयात तीर्थ-प्रसाद उजव्या हातावर घेण्याचा आपला शिष्टाचार आहे. लॅटिन भाषेत ‘डावा’ या अर्थाचा ‘सिनिस्टर’ हा शब्दही अमंगळाचा वाचक झाला. देवापुढील आचार ही श्रद्धेची बाब होय. परंतु शाळेत डावखुऱ्या मुलाच्या बोटांवर छडी बसू लागली आणि त्यास वाचता येत नाही याचे खापरही त्याच्या हातावर फुटू लागले, तेव्हा प्रश्न श्रद्धेचा न राहता पुराव्याचा झाला. त्या पुराव्याची छाननी कशी झाली, हे पाहणे उद्बोधक आहे.

या प्रकरणाचा आरंभ फ्रान्समध्ये झाला. १८६१ साली पॅरिसचे शल्यवैद्य पॉल ब्रोका यांनी एका मृत रुग्णाचा मेंदू तपासला. हा मनुष्य अनेक वर्षे ‘तां’ याखेरीज जवळजवळ काहीच बोलू शकत नसे. दुसऱ्याचे बोलणे मात्र त्यास बरेचसे समजे. त्याच्या मेंदूच्या डाव्या अर्धगोलाच्या पुढील भागास इजा झालेली आढळली. अशी आणखी उदाहरणे पाहून, आपण डाव्या अर्धगोलाने बोलतो, असा निष्कर्ष ब्रोका यांनी १८६५ साली मांडला. उजव्या हाताचे नियंत्रणही मेंदूचा डावा भागच करतो. तेव्हा डावखुऱ्याच्या वाणीचे स्थान उजवीकडे असले पाहिजे, असे अनुमान पुष्कळांनी केले. अनुमान सुबक होते, पण ते सिद्ध झालेले नव्हते.

दुसरा धागा इंग्लंडमधील आहे. १८९६ साली सीफर्डचे डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार, दृष्टी चांगली, गणितात गती. तरी स्वतःचे नाव लिहितानाही अक्षरांची अदलाबदल करी. शिक्षण सर्वस्वी तोंडी असते, तर तो शाळेत सर्वांत तल्लख ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. मॉर्गन यांनी या अवस्थेस जन्मजात शब्दांधता म्हटले. आज ती डिस्लेक्सिया या नावाने ओळखली जाते.

हे दोन धागे एकत्र गुंफले ते अमेरिकेतील आयोवा येथील डॉ. सॅम्युएल ऑर्टन यांनी, १९२५ साली. अशी मुले ‘बी’ व ‘डी’ या इंग्रजी अक्षरांत घोटाळतात, शब्द उलटे वाचतात, आणि त्यांच्यापैकी अनेकांचा डावा-उजवा कल निश्चित झालेला नसतो, असे त्यांना वाटले. मेंदूच्या एका अर्धगोलाचे पुरेसे वर्चस्व प्रस्थापित न झाल्यामुळे हा घोटाळा होतो, अशी त्यांची उपपत्ती होती. अशा मुलांस त्यांनी मंदबुद्धी ठरविले नाही, हे त्यांचे मोठे श्रेय होय. त्यांच्या विचारांच्या आधारे अ‍ॅना गिलिंगहॅम यांनी डोळा, कान व हात यांचा एकत्र उपयोग करणारी अध्यापनपद्धती घडविली. ती आजही वापरात आहे. उपपत्ती मात्र टिकली नाही.

१९७७ साली माँट्रियल येथील रासमुसेन व ब्रेंडा मिल्नर यांनी, शस्त्रक्रियेपूर्वी एकेक अर्धगोल काही मिनिटे बधिर करून केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उजव्या हाताच्या रुग्णांपैकी सुमारे ९६ टक्क्यांची, आणि डावखुऱ्यांपैकीही सुमारे ७० टक्क्यांची वाणी डाव्या अर्धगोलातच आढळली. जुने अनुमान येथे ढासळले. १९८२ साली गेश्विंड व बेहान यांनी डावखुरेपणा, वाचनदोष आणि रोगप्रतिकारशक्तीचे विकार यांचा संबंध जोडला. पुढील संशोधनातून त्यास भक्कम आधार मिळाला नाही. वाचनदोष असणाऱ्यांत डावखुऱ्यांचे प्रमाण किंचित अधिक असल्याचे काही पाहण्यांत दिसते, इतकेच. वाचनदोष असणारे बहुसंख्य लोक उजव्या हातानेच लिहितात, आणि बहुसंख्य डावखुरे उत्तम वाचतात. या दोषाचे मूळ मुख्यतः शब्दांतील ध्वनी सुटे करून त्यांची अक्षरांशी सांगड घालण्याच्या क्रियेत आहे, असे आज बहुतेक संशोधक मानतात.

दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे न्यायालयात नित्य सांगावे लागते. आपल्या संसदेने २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात या वाचनदोषाचा समावेश विशिष्ट अध्ययन-अक्षमतांमध्ये केला आहे. कायद्याने मान्य केलेली ही अडचण आपल्या घरांनी व शाळांनीही मान्य करावी. मूल वाचताना अडखळत असेल, तर त्याच्या हातातील पेन्सिल या हातातून त्या हातात देण्यापूर्वी, अक्षराचा ध्वनी त्याच्या कानास नीट उमगतो की नाही, हे आधी पाहावे.