पूर्वशालेय विकासटप्पे आणि घर (हॅमिल्टन, कॅनडा)

साधारण तीन ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये हालचाल, बोटांचे काम, बोलणे, विचार आणि इतरांशी वागणे यांत ज्या क्षमता क्रमाने दिसू लागतात, त्यांना पूर्वशालेय विकासटप्पे म्हणतात. या क्षमता रुजतात त्या मुख्यतः घरी. तपासणी व उपचार करणाऱ्या संस्था घराला साहाय्य करतात; घराची जागा त्या घेऊ शकत नाहीत.

ऑन्टॅरिओ सरोवराच्या पश्चिम टोकाशी वसलेले हॅमिल्टन पोलादाच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. बालविकासाच्या अभ्यासात मात्र ते मॅकमास्टर विद्यापीठामुळे महत्त्वाचे ठरते. तेथील ऑफर्ड सेंटरमध्ये डॅन ऑफर्ड आणि मॅग्डलेना जॅनस यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस ‘अर्ली डेव्हलपमेंट इन्स्ट्रुमेंट’ ही प्रश्नावली तयार केली. बालवर्गाच्या शिक्षकांनी भरायच्या या प्रश्नावलीत शारीरिक आरोग्य, सामाजिक वर्तन, भावनिक परिपक्वता, भाषा व बोध, आणि संवाद व सामान्य ज्ञान अशी पाच क्षेत्रे आहेत. कॅनडाभर तिचा वापर होतो आणि ऑस्ट्रेलियाने तिचे रूप देशव्यापी गणनेसाठी स्वीकारले. तिचे निष्कर्ष वस्ती, शहर किंवा प्रांत अशा समूहासाठी काढले जातात. एकेका मुलाचे निदान करण्यासाठी ती नाही. पालकांनी ही मर्यादा नीट समजून घ्यावी, कारण कोणतीही यादी हाती पडली की ती परीक्षेसारखी वापरण्याचा मोह होतो.

याच विद्यापीठातील ‘कॅनचाइल्ड’ हे संशोधन केंद्र अपंगत्व असलेल्या मुलांसाठी काम करते. त्याचे सहसंस्थापक पीटर रोझेनबॉम यांनी यान विलेम गोर्टर यांच्यासह 2012 मध्ये कार्यक्षमता, कुटुंब, तंदुरुस्ती, मौज, मित्र आणि भविष्य या सहा गोष्टींभोवती बालविकासाचा विचार मांडला. मूल एखादी गोष्ट कोणत्या पद्धतीने करते यापेक्षा ते ती करू लागते, तिच्यात सहभागी होते, हे मोलाचे, असे त्याचे सार आहे. चमचा वेडावाकडा धरून स्वतः जेवणारे मूल नीट भरवून घेणाऱ्या मुलापेक्षा पुढे आहे, हे यातून उमगते. हा विचार प्रत्येक घराला लागू पडतो.

टप्प्यांचे वय ठरवताना आकडेवारीचा आधार घेतला जातो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2022 मध्ये सुधारलेल्या यादीत, ज्या वयात किमान 75 टक्के मुलांना एखादी गोष्ट जमते, त्या वयापुढे ती लिहिलेली आहे. त्यानुसार तिसऱ्या वर्षी मूल किमान दोन फेऱ्यांचा संवाद करते, दाखवल्यावर गोल काढते आणि त्याचे बोलणे परक्यांनाही बहुतेक वेळा कळते. चौथ्या वर्षी ते चार किंवा अधिक शब्दांची वाक्ये बोलते, मोठा चेंडू झेलते आणि तीन किंवा अधिक अवयव असलेला माणूस रेखाटते. पाचव्या वर्षी लंगडी घालणे, काही बटणे लावणे, दहापर्यंत मोजणे, किमान दोन घटनांची गोष्ट सांगणे आणि खेळात पाळी सांभाळणे अपेक्षित असते. लहान वयासाठी भारतीय मुलांवर आधारलेले मापनही आहे: प्रमिला फाटक यांनी बडोद्यात अडीच वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी विकासमापनश्रेणी तयार केली.

हॅमिल्टनमध्ये या टप्प्यांना एक व्यावहारिक निकड आहे. ऑन्टॅरिओत ज्या वर्षी मूल 31 डिसेंबरपर्यंत चार वर्षांचे होते, त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून ते पूर्णवेळ बालवर्गात जाऊ शकते. त्यामुळे डिसेंबरात जन्मलेले मूल जेमतेम पावणेचार वर्षांचे असतानाच वर्गात बसते आणि त्याच्या शेजारी जवळजवळ वर्षाने मोठे मूल असते. दोघांची तुलना करणे अन्यायाचे आहे. शिवाय हिवाळ्यात मैदानावर जाण्यापूर्वी मुलाला बर्फातील विजार, बूट, जॅकेट, टोपी व हातमोजे चढवायचे असतात आणि शिक्षकांकडे पूर्ण वर्ग असतो. घरी घाई न करता, आधी चेन ओढायला, मग बूट घालायला, मग सगळा पोशाख चढवायला शिकवणे ही बोटांच्या कामाची आणि स्वावलंबनाची उत्तम तालीम ठरते. हातमोजे सर्वांत शेवटी घालायचे, हा क्रमही मूल त्यातूनच शिकते.

यासाठी महागड्या खेळण्यांची गरज नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला उभ्या केलेल्या बालशिक्षणाच्या कामात पाने, बिया, शंख-शिंपले, माती हीच साधने होती. हॅमिल्टनच्या मराठी घरातही वाटाणे सोलणे, राजमा व चणे वेगळे करणे, कणकेचे गोळे करणे, पोळपाटावर छोटी पोळी लाटणे यांतून बोटे, निरीक्षण आणि मोजणी एकत्र वाढतात. घर-घर किंवा दुकान-दुकान हा खेळ भाषा व कल्पनाशक्तीला सर्वाधिक वाव देतो. मोठ्यांनी त्यात गिऱ्हाईक व्हावे, पण खेळाची सूत्रे मुलाकडे ठेवावीत.

भाषेबाबत स्थलांतरित कुटुंबांत सर्वाधिक काळजी असते. शाळेत इंग्रजी लागेल म्हणून मूल बोलण्यात मागे वाटले की घरातले मराठी बंद करण्याचा सल्ला कित्येकदा नातेवाईकच देतात. हा सल्ला चुकीचा आहे. दोन भाषा ऐकल्याने वाचाविलंब होतो, याला आधार नाही. शब्दसंपदा मोजताना दोन्ही भाषांतील शब्द एकत्र धरावे लागतात. एकाच वाक्यात मराठी-इंग्रजी मिसळणे हा द्विभाषिक वाढीचा नेहमीचा भाग आहे. नव्या वर्गात गेल्यावर काही मुले काही काळ गप्प राहतात, तेही स्वाभाविक. खरा भाषादोष असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. ज्या भाषेत आई-वडील आणि आजी-आजोबा सहज, भरभरून बोलतात, गोष्ट सांगतात, रागावतात आणि समजूत काढतात, तीच भाषा मुलाला सर्वाधिक समृद्ध वाक्ये देते. मोडक्या इंग्रजीत बोलणारे घर मुलाकडून ती समृद्धी काढून घेते.

तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी 2017 च्या कॅनेडियन मार्गदर्शिकेत दिवसाला किमान 180 मिनिटे हालचाल, त्यांपैकी किमान 60 मिनिटे दमवणारी, 10 ते 13 तास झोप आणि पडद्यासमोर जास्तीत जास्त एक तास असे प्रमाण दिलेले आहे. लांब हिवाळ्यात हे कठीण जाते. तरी नीट कपडे घालून बर्फात खेळणे आणि प्रांताच्या निधीवर चालणाऱ्या ‘अर्लीऑन’ केंद्रांत जाणे हे पर्याय असतात. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ही केंद्रे विनामूल्य आहेत आणि तेथे पालक मुलासोबतच थांबतात.

थोडे मागे असणे आणि काळजीचे लक्षण असणे यांत फरक आहे. आधी येणारी गोष्ट जमेनाशी होणे, हाकेला प्रतिसाद न देणे, नजर टाळणे, तिसऱ्या वर्षानंतरही लुटुपुटीचा खेळ नसणे, वारंवार पडणे किंवा बोलणे घरच्यांनाही न कळणे, यांपैकी काही आढळल्यास ‘होईल आपोआप’ म्हणून थांबू नये. बोलण्याची शंका असेल तर श्रवणतपासणी आधी करावी. ऑन्टॅरिओत 2009 पासून अठराव्या महिन्याची विस्तृत तपासणी कुटुंबवैद्याकडे होते. तिच्यात टिपलेली शंका नंतरही पुढे नेता येते. हॅमिल्टनमध्ये ‘अर्ली वर्ड्स’ ही विनामूल्य वाचासेवा शाळेपूर्वीच्या मुलांसाठी आहे. बालवर्ग सुरू झाला की मदतीची जबाबदारी शाळेच्या व्यवस्थेकडे जाते, म्हणून पालकांनी शंका सप्टेंबरपूर्वीच नोंदवावी.