जुन्या गाड्यांची नवी शर्यत : इतिहास, अनुकरण आणि विजय

हिंगोली जिल्ह्यात 'शर्यत' हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर शंकरपट उभा राहतो. विदर्भ आणि त्याला लागून असलेल्या मराठवाड्याच्या या पट्ट्यात पटाची परंपरा जुनी आहे. अनेक पटांत जोडी एकटीच धावते आणि निकाल सेकंदांवर लागतो. धुरकऱ्याच्या शेजारी प्रतिस्पर्धी नसतो. जो आधी धावून गेला आहे किंवा पुढे धावणार आहे, त्याच्याशी ही लढत असते. समोर नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला हरवणे ही कल्पना त्यामुळे आपल्याकडे परकी नाही. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या जुन्या मोटारींच्या शर्यतींविषयी लिहिताना आम्ही येथून सुरुवात करतो, त्याचे हे एक कारण.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती बेकायदा ठरवल्या. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली. तिच्या अंमलबजावणीलाही उच्च न्यायालयात अडथळा आला. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. या साऱ्या वादाच्या मुळाशी एकच प्रश्न होता : शर्यतीच्या आनंदासाठी जिवंत देहाला किती वेदना, किती धोका पत्करायला लावायचा? संगणकावरची शर्यत याच प्रश्नाला दुसऱ्या टोकाकडून भिडते. देहच वजा केला, तर शर्यतीत काय उरते? आणि अशा शर्यतीतील विजयाला विजय म्हणावे काय?

या प्रकाराचा इतिहास फार लांबचा नाही. अमेरिकेतील पॅपिरस या संस्थेने १९८९ साली इंडियानापोलिसच्या शर्यतीचे संगणकीय अनुकरण बाजारात आणले. त्याच संस्थेचा, डेव्हिड केमर यांच्या नेतृत्वाखाली घडलेला 'ग्रां प्री लेजंड्स' हा खेळ १९९८ साली आला. त्याने नवी गाडी न निवडता १९६७ सालचा फॉर्म्युला वनचा हंगाम निवडला. ही निवड अर्थपूर्ण होती. त्या साली गाड्यांना पंख नव्हते, टायर आजच्या मानाने अरुंद होते आणि इंजिने मात्र अतिशय बलवान झाली होती. ४ जून १९६७ रोजी झांडफोर्ट येथे लोटस ४९ ही गाडी पहिल्यांदा शर्यतीत उतरली आणि जिम क्लार्कने तिच्यासह पहिल्याच शर्यतीत विजय मिळवला. सुमारे ४०० अश्वशक्तीचे इंजिन आणि जेमतेम ५०० किलोंच्या आसपासचे वजन, असे तिचे गणित होते. आपल्या परिचयाची मारुती ८०० वजनाने याहून जड होती आणि तिच्या मूळ इंजिनाची ताकद ४० अश्वशक्तीच्या आसपास होती, हे ध्यानात घेतले म्हणजे लोटसचा स्वभाव कळतो.

साहित्याच्या अभ्यासकाला या खेळात एक ओळखीची गोष्ट आढळेल. १९६७ साली फ्रान्सची शर्यत ल मां येथील बुगाटी मार्गावर झाली होती. खेळात मात्र ती रुआंच्या अधिक रमणीय मार्गावर होते. कूपर आणि होंडा या गाड्यांची नावेही बदललेली आहेत. 'स्वामी' (१९६२) किंवा 'पानिपत' (१९८८) वाचताना आपण जे प्रश्न विचारतो, ते येथे जसेच्या तसे लागू पडतात : तपशिलाशी निष्ठा कोठवर, कल्पनेचे स्वातंत्र्य कोठून, आणि काळाचे सत्य या दोहोंपैकी कशात वसते? या खेळाने स्थळात आणि नावात फेरफार केले, पण गाडीच्या वर्तनात सवलत दिली नाही. वळणावर पाय किंचित अधिक दाबला की मागची चाके सुटतात. घाबरून पाय एकदम काढला तरी सुटतात. सरळ रेषेत ब्रेक लावून वेग उतरवणे, गाडीला किंचित घसरू देत वळणात शिरणे आणि पायाच्या हलक्या दाबाने ती घसरण तोलून धरणे, ही त्या काळच्या चालकांची विद्या खेळाडूला नव्याने शिकावी लागते. ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकाला गतकाळ कळतो तो डोळ्यांनी; येथे तो हातापायांनी कळतो. आमच्या मते या माध्यमाचे खरे मोल येथे आहे.

परंतु शर्यत म्हटली की दुसरा माणूस हवा, आणि महाजालावर तो दूर असतो. हिंगोलीतील एखाद्या तरुणाने लंडनच्या खेळाडूशी शर्यत लावली असे समजू. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन हे सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर धरले, तरी निरोप पोहोचण्यास ३६ सहस्रांश सेकंद लागतात. तारांची वळणे आणि मधली यंत्रे धरता प्रत्यक्षात त्याहून बराच अधिक वेळ जातो. ताशी २५० किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्या ३६ सहस्रांशांतही अडीच मीटर पुढे गेलेली असते. म्हणून संगणक मागील वेग आणि दिशा यांवरून प्रतिस्पर्ध्याच्या आत्ताच्या जागेचा अंदाज बांधतो आणि तो अंदाजच पडद्यावर दाखवतो. चाकाला चाक लावून धावताना खेळाडू अशा एका अनुमानावर विश्वास टाकत असतो. तो अनुमान चुकला तर दोघांचीही शर्यत संपते. त्यामुळे अशा स्पर्धेत जिंकणारा बहुधा सर्वांत वेगवान नसतो. शेजारच्याला पुरेशी जागा सोडून अखेरपर्यंत टिकणारा असतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. न्युर्बुर्गरिंगचा जुना मार्ग सुमारे २२.८ किलोमीटरचा. १९६७ साली क्लार्कने सरावात तेथे ८ मिनिटे ४.१ सेकंदांची वेळ नोंदवली आणि अग्रस्थान मिळवले. संगणकावर त्याच काळच्या गाडीने याहून कमी वेळ नोंदवणारे खेळाडू पुष्कळ आहेत. मग ते क्लार्कहून श्रेष्ठ ठरले काय? क्लार्कला तो मार्ग हजार वेळा चुकून पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येत नव्हता. ७ मे १९६७ रोजी मोनॅको येथे लोरेन्झो बँडिनीची फेरारी उलटली आणि पेटली. तीन दिवसांनी तो मरण पावला. ७ एप्रिल १९६८ रोजी हॉकेनहाइम येथे खुद्द क्लार्क गेला. खेळात मात्र गाडी झाडावर आदळली तर एक कळ दाबायची, की ती पुन्हा धडधाकट उभी राहते. घड्याळातील सेकंद दोन्हीकडे सारखे दिसतात, पण ते एकाच मोलाने मिळवलेले नसतात.

म्हणून हा विजय खोटा आहे, असेही आम्ही म्हणणार नाही. महासाथीच्या काळात, २०२० साली, खऱ्या शर्यती थांबल्या असता निवृत्त चालकांसाठी महाजालावर एक मालिका भरवण्यात आली. तीत ७३ वर्षांचे एमर्सन फिट्टिपाल्डी उतरले होते आणि गाडी होती ब्रॅबम बीटी४४बी. १९७५ साली ब्राझीलच्या शर्यतीत याच प्रकारच्या गाडीतून कार्लोस पाचेने फिट्टिपाल्डींना दुसऱ्या क्रमांकावर ढकलले होते. पाचे १९७७ साली विमान अपघातात गेला; इंटरलागोसच्या मार्गाला आज त्याचेच नाव आहे. पंचेचाळीस वर्षांनंतर, ज्या गाडीने आपल्याला हरवले तिच्या प्रतिकृतीचे चाक त्या वृद्ध चालकाच्या हाती आले. तेथे तो कितव्या क्रमांकावर आला, याला आमच्या लेखी फारसे महत्त्व नाही. प्रतिस्पर्ध्याची जागा आतून अनुभवणे प्रत्यक्ष शर्यतीत कधीच शक्य नसते. अनुकरणाने ते शक्य केले.

जुन्या गाडीतून संगणकावर मिळवलेला विजय हा आमच्या दृष्टीने धैर्याचा नव्हे, आकलनाचा विजय आहे. उत्तम वाचकाने एखादा कठीण ग्रंथ पचवावा, तसा त्या खेळाडूने एका काळाचा यंत्रस्वभाव पचवलेला असतो. ही सिद्धी लहान नाही. मात्र त्या काळची भीती त्याच्या वाट्याला आलेली नाही, याची जाण त्याने ठेवली पाहिजे. ज्या जिल्ह्यात मोटारशर्यतीचा मार्ग नाही, तेथील तरुणालाही आज न्युर्बुर्गरिंगची वळणे पाठ होऊ शकतात. ती पाठ करताना त्याने बँडिनी आणि क्लार्क यांची नावेही शिकावीत, एवढीच आमची अपेक्षा आहे.