उंदीर पडला की घर सोडायचं

मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘उंदीर पडला’ असा शब्दप्रयोग असायचा. उंदीर मेला, असं कुणी म्हणत नसे. माळवदाच्या घरात आढ्यावरून उंदीर खाली पडायचा, झिंगल्यासारखा फिरायचा आणि माणसांच्या देखत मरायचा. असे दोन-चार दिसले की लोक भांडीकुंडी उचलून शेतात जायचे, कुडाच्या झोपड्या टाकून राहायचे. जालन्याकडच्या आमच्या मुस्लिम घरांत यालाच ‘चूहा गिरा’ म्हणत आणि आजाराला ताऊन. प्लेग हा इंग्रजी शब्द नंतर आला, गाठीचा ताप हा मराठी शब्द शेजाऱ्यांकडून आला.

या शब्दप्रयोगात जे ज्ञान होतं, ते सरकारी वैद्यकाला पटायला पुढे दहाएक वर्षं लागली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. त्या वेळी साहेबांना वाटत होतं की रोग घाणीत आहे, हवेत आहे, माणसाच्या अंगाकपड्यात आहे. म्हणून गटारं कार्बोलिकने धुतली, घरांची कौलं काढली, कपडे जाळले. आजारी माणूस इस्पितळात आणि घरचे छावणीत. स्टेशनांवर बायकांच्या काखा आणि जांघा तपासल्या जाऊ लागल्या. गाठी तिथेच येतात, हे खरं. पण परक्या पुरुषाने चारचौघांत तपासायचं, हे ना हिंदू घरांना सोसलं ना मुस्लिम घरांना. पुण्यात याच संतापातून जून १८९७ मध्ये रँडवर गोळी झाडली गेली. तो इतिहास आपल्याला शाळेत शिकवला जातो.

मुंबईच्या मदनपुऱ्याचा इतिहास मात्र फारसा कुणी शिकवत नाही. ९ मार्च १८९८ रोजी रिपन रोडवरच्या एका जुलाहा विणकराच्या घरात प्लेगचं पथक गेलं. बारा वर्षांच्या आजारी मुलीला तपासायचं होतं, घरच्यांनी नकार दिला. गर्दी जमली, दगडफेक झाली, गोळीबार झाला. हे विणकर उत्तरेतून पोट भरायला आलेले मोमीन होते. त्याआधी १८९७ च्या हंगामात मुंबईहून हजला जाणं सरकारने बंद केलं होतं. तेव्हाच्या कागदांत मुसलमानांवर ठरलेला शेरा असे: हे लोक नशिबावर हवाला ठेवणारे, औषधाला विरोध करणारे.

हा शेरा मला पटत नाही. त्याच मुंबईत हाफकिनने १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःच्या अंगावर लस टोचून घेतली, तेव्हा त्याच्या पाठीशी उभं राहणाऱ्यांत तिसरे आगाखान होते. वय अवघं विशीचं. त्यांनी आपल्या अनुयायांसमोर लस टोचून घेतली आणि हाफकिनच्या प्रयोगशाळेला स्वतःचा बंगला दिला. मदनपुऱ्याचा विरोध औषधाला नव्हता, उंबरा ओलांडण्याच्या रीतीला होता.

शिवाय साथीत कसं वागायचं, याचा विचार मुसलमानांकडे फार आधीपासून होता. हिजरी १८ च्या सुमारास शामच्या मुलखात अमवासचा ताऊन आला. खलिफा उमर तिकडे निघाले होते, ते सरघ इथून मागे फिरले. अबू उबैदांनी विचारलं, अल्लाहने ठरवलेल्यापासून पळता काय? उमर यांच्या उत्तराचा आशय असा की एका नशिबाकडून आपण दुसऱ्या नशिबाकडेच जातो, आणि तेही अल्लाहचंच. मग अब्दुर्रहमान बिन औफ यांनी पैगंबरांचं सांगणं कळवलं: जिथे ताऊन असेल तिथे जाऊ नका, आणि तुम्ही असाल तिथे आला तर पळून जाऊ नका.

आता अडचण उत्तरार्धाची. गाव सोडून शेतात जाणं म्हणजे पळणं का? तबरीसारख्या इतिहासकारांनी नोंदवलं आहे की अमवासमध्ये अबू उबैदा गेले, त्यांच्यामागे मुआज बिन जबल गेले. मग सूत्रं अम्र बिन आस यांच्याकडे आली. त्यांनी लोकांना सांगितलं की ही आगीसारखी पेटते, डोंगरांवर पांगा. त्यावर कुणी आक्षेपही घेतला, पण लोक पांगले आणि साथ ओसरली. दुसऱ्या शहरात जायचं नाही, पण घरं सोडून उघड्यावर पांगायचं. आमच्याकडचे शेतकरी काही वेगळं करत नव्हते, आणि त्यांतल्या बहुतेकांनी अम्र बिन आस हे नावही ऐकलेलं नव्हतं.

हा उपाय का लागू पडतो, ते १८९८ मध्ये कराचीत कळलं. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने एका बरणीत पिसवांनी भरलेला आजारी उंदीर ठेवला आणि वर जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर टांगला. दोघांचा स्पर्श नाही, तरी वरचा उंदीर प्लेगने मेला. पिसवा उडी मारून वर गेल्या होत्या. उंदीर मेला की त्याचं अंग थंड पडतं, पिसवा त्याला सोडून दुसरं गरम रक्त शोधतात. जवळ उंदीर उरला नसेल तर माणूस. म्हणजे उंदीर पडला, तीच घर सोडण्याची वेळ. सिमाँची थट्टा झाली, भारतातल्या पहिल्या प्लेग आयोगाने त्याचं म्हणणं बाजूला सारलं. १९०५ पासून ग्लेन लिस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवून पाहिले. मोकळे ठेवलेले मेले, पिसू शिरणार नाही अशा बारीक जाळीतले वाचले. तेव्हा कुठे सरकारला पटलं.

तोवर मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणीमार्गे हैदराबादला जाणारी निजामाची रेल्वे सुरू झाली होती. जालना कापसाची आणि धान्याची पेठ. पोत्यांतून आणि गाठींतून उंदीर जातो, पिसू जाते. प्रवाशांना फलाटावर उतरवून तपासलं तरी मालाच्या डब्याला काखा नसतात.

हे सगळं विसरल्यासारखं झालं होतं, तोच १९९४ उजाडलं. आमच्या दक्षिणेला, गोदावरीपलीकडे बीड जिल्हा. तिथल्या मामला गावात ऑगस्टमध्ये पिसवांचा सुळसुळाट झाला, उंदीर पडू लागले, मग माणसांना गाठी आल्या. आदल्या वर्षीच्या ३० सप्टेंबरच्या किल्लारी भूकंपानंतर धास्तावलेले लोक घराबाहेर राहिले, आत धान्य तसंच राहिलं, उंदीर माजले, असं कारण तेव्हा सांगितलं गेलं. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला आणि लाखो लोक शहर सोडून निघाले. हा प्रकार खोकल्यातून पसरतो, इथे पळणं म्हणजे साथ सोबत नेणं. मामल्यात घर सोडणं शहाणपणाचं, सुरतेत शहर सोडणं घातक. तेरा शतकांपूर्वीच्या त्या सल्ल्याच्या दोन्ही बाजू एकाच महिन्यात दिसल्या. आखाती देशांनी विमानं थांबवली, औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन गायब झालं. शाहगडचा पूल ओलांडून बीडकडून येणाऱ्या एसटीकडे आमच्याकडचे लोक तोंडाला रुमाल लावून पाहत होते. मामल्याच्या माणसाला मात्र खोकला नव्हता, त्याच्या घरात पिसवा होत्या. तिथे आधी पिसवा मारायची पावडर मारावी लागते आणि मग उंदीर. उलट केलं तर उपाशी पिसवा माणसावर येतात.

प्लेग आज आपल्याकडे नाही, पण पिसू, गोचीड आणि चिगर यांचे ताप आहेत. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसने माणसं गेली. हा जंतू रिकेट्सियाच्या गोतावळ्यातला, गवतातल्या चिगर नावाच्या बारीक किड्याच्या अळीतून येतो. कुत्र्याच्या गोचिडीतून येणारा ताप वेगळा, उंदराच्या पिसवेतून येणारा वेगळा. सुरुवातीला सगळे डेंग्यू-टायफॉइडसारखे दिसतात. तिन्हींवर डॉक्सिसायक्लिन चालतं, टेट्रासायक्लिनच्याच कुळातलं, स्वस्त. वेळेवर सुरू झालं तर.

गाईला ताप आला की आमचा शेतकरी आधी तिचे कान आणि कास पाहतो, गोचीड शोधतो. माणसाच्या तापात गोचीड चावली का, घरात उंदीर पडले का, गवत कापायला गेला होतात का, हे क्वचितच विचारलं जातं. स्क्रब टायफसमध्ये पुष्कळदा चाव्याच्या जागी विडीचा चटका बसावा तशी काळी खपली असते. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रोगी सांगत नाही. ती बहुधा काखेत, जांघेत, छातीखाली किंवा सलवारीची नाडी बांधतो तिथे असते. निंदणीला जाणाऱ्या बायकांना हा धोका जास्त, आणि पुरुष डॉक्टरसमोर त्या तिथलं कापड बाजूला करत नाहीत. रिपन रोडवर जो पेच होता तोच हा. फरक इतकाच, की आज उपकेंद्रात नर्स आहे, गावात आशाताई आहे. पडद्याआड तिने दोन मिनिटं पाहिलं तरी पुरतं.