घरगुती दारू गाळण्यासाठी कोणते साहित्य सुरक्षित? गाळून काय जाते आणि काय जात नाही

मराठीत ‘दारू गाळणे’ या शब्दांचे दोन अर्थ होतात. भट्टीवर आंबवण उकळून त्याची वाफ थंड करणे, म्हणजे ऊर्ध्वपातन, हा एक. तयार दारू फडक्यातून किंवा कोळशातून गाळणे हा दुसरा. या लेखात ‘गाळणे’ हा शब्द दुसऱ्या अर्थाने वापरला आहे. ‘चार वेळा गाळली आहे, म्हणजे शुद्धच आहे’ असे रुग्ण आणि नातेवाईक अनेकदा सांगतात. त्यात कितपत तथ्य आहे ते पाहू.

आधी कायद्याबद्दल. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू तयार करणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार गुन्हा आहे. गोव्यात काजूची हुर्राक आणि फेणी परवानाधारक भट्ट्यांवर तयार होते. विकत आणलेल्या फेणीत मसाले किंवा फळे मुरवून ती घरी गाळून ठेवणाऱ्यांनाही साहित्याची पुढील माहिती उपयोगी पडेल.

गाळल्याने काय होते?

फडके किंवा कागद फक्त न विरघळलेला गाळ अडवतो. सक्रिय कोळसा (ॲक्टिव्हेटेड कार्बन) वास आणि रंग देणारे काही घटक शोषून घेतो. त्यामुळे दारू स्वच्छ दिसते आणि घशाला कमी लागते.

मिथेनॉल हे विष मात्र दारूत पूर्ण विरघळलेले असते. त्याचा रेणू दारूतील नेहमीच्या अल्कोहोलसारखाच, म्हणजे इथेनॉलसारखाच, लहान असतो. फडके, कागद, वाळू, कोळसा किंवा घरातला पाण्याचा फिल्टर यांपैकी काहीही ते वेगळे काढू शकत नाही. मिथेनॉल ६४.७ अंश सेल्सिअसला उकळते आणि इथेनॉल सुमारे ७८ अंशांना. पण दोन्ही एकमेकांत मिसळलेली असल्याने साध्या भट्टीवर पुन्हा उकळूनही ती खात्रीने वेगळी होत नाहीत.

फळे किंवा गूळ आंबवताना मिथेनॉल सहसा थोडेच तयार होते. जीवघेण्या घटना बहुतेक वेळा दारूत औद्योगिक मिथेनॉल मिसळल्याने घडतात. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात अशाच दारूने शंभराहून अधिक लोकांचा मृत्यू झाला.

गाळण्याच्या साहित्यातून विष कसे येते?

तीव्र दारू हा चांगला द्रावक आहे. पाण्यात न विरघळणारे पदार्थही तिच्यात उतरतात. म्हणून पाण्यासाठी चालणारी वस्तू दारूसाठी चालेलच असे नाही.

तुलनेने सुरक्षित:
- काचेची बरणी किंवा बाटली
- खाद्यपदार्थांसाठीचे स्टेनलेस स्टीलचे नरसाळे आणि गाळणी
- रंग व खळ नसलेले, उकळून वाळवलेले सुती फडके
- कॉफी गाळण्याचा कागद
- खाद्यपदार्थांसाठी तयार केलेला सक्रिय कोळसा. त्यानंतर कागदातून पुन्हा गाळावे

टाळावे:
- प्लास्टिकचे कॅन, पाण्याच्या वापरलेल्या बाटल्या, बागेचा पाइप, रबराची नळी. यांतील रसायने दारूत उतरतात. रसायनाचा किंवा कीटकनाशकाचा रिकामा कॅन कितीही धुतला तरी वापरू नये.
- शिशाचे डाग दिलेली (झाळलेली) भांडी आणि मोटारीचा जुना रेडिएटर. शिसे शरीरात साठत जाते. पोटात कळा, बद्धकोष्ठता, रक्तक्षय, हातापायांत अशक्तपणा ही त्याची लक्षणे आहेत.
- जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे, ॲल्युमिनियम आणि पितळ. आंबट द्रवात हे धातू विरघळतात.
- चुलीतला किंवा शेगडीचा कोळसा. त्यात राख आणि इतर मिश्रणे असतात.
- रंगीत कापड, जुन्या साड्यांचे तुकडे, नायलॉनचे मोजे.

तांब्याच्या भांड्यात भट्टी लावण्याची पद्धत जुनी आहे, पण तयार दारू तांब्यात साठवू नये. दारूला निळसर किंवा हिरवट झाक आली तर तांबे उतरले आहे असे समजून ती फेकून द्यावी. हातभट्टीत नवसागर वापरला असेल तर हा धोका वाढतो.

घरी तपासता येते का?

नाही. ‘निळी ज्योत म्हणजे शुद्ध दारू’ ही समजूत चुकीची आहे. मिथेनॉल मिसळलेली दारूही तशीच जळते. चव आणि वास यांवरूनही फरक कळत नाही.

मिथेनॉल विषबाधेची लक्षणे

सुरुवातीला साधी नशा वाटते. शरीरात मिथेनॉलपासून फॉर्मिक आम्ल बनायला वेळ लागतो, म्हणून गंभीर लक्षणे साधारण १२ ते २४ तासांनी दिसतात. सोबत नेहमीची दारू घेतली असेल तर आणखी उशिरा दिसतात. ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून थांबण्यात हाच मोलाचा वेळ जातो.

- धुरकट दिसणे, बर्फातून पाहिल्यासारखे पांढरे दिसणे, उजेड सहन न होणे
- उलट्या, पोटात तीव्र वेदना, डोकेदुखी
- जोरजोरात, खोल श्वास
- गुंगी, झटके, बेशुद्धी

थोडेसे मिथेनॉलही कायमचे अंधत्व आणू शकते. सुमारे ३० मिलिलिटर शुद्ध मिथेनॉल जीवघेणे ठरू शकते.

काय करावे?

- लक्षणांची वाट पाहू नका. दारूबद्दल शंका असेल किंवा सोबत प्यायलेला कोणी आजारी पडला असेल, तर १०८ वर फोन करा किंवा थेट मोठ्या रुग्णालयात जा.
- उलटी करवू नका. बेशुद्ध माणसाला कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका.
- ‘उतारा’ म्हणून घरी आणखी दारू पाजू नका.
- उरलेली दारू बाटलीसह सोबत न्या.
- त्याच ठिकाणची दारू प्यायलेल्या सर्वांना कळवा, बरे वाटत असले तरीही.

रुग्णालयात रक्तातील आम्लता तपासतात. मिथेनॉलचे आम्लात रूपांतर थांबवणारे औषध देतात आणि गरज पडल्यास डायलिसिस करतात. उपचार लवकर सुरू झाले तर जीव आणि दृष्टी दोन्ही वाचू शकतात.

डॉक्टरांपासून लपवू नका

विषबाधेच्या रुग्णाची नोंद पोलिसांकडे होते, पण त्यासाठी उपचार थांबत नाहीत. या भीतीने अनेक कुटुंबे ‘बाहेरचे काहीतरी खाल्ले’ असे सांगतात. मग अपचनाचे उपचार सुरू होतात आणि तास निघून जातात. काय प्यायले, किती, किती वाजता आणि सोबत कोण होते, एवढे आल्याबरोबर सांगा.