पद्मिनीचे नट किती आवळावेत?

वालचंद हिराचंद यांनी स्थापलेल्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी म्हणजे कुर्ल्यात घडलेली फियाट ११००. तिचे १०८९ सीसीचे इंजिन हा दोन धातूंचा संसार: ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि ती ओढाताण मधल्या पातळ गॅस्केटला सोसावी लागते. म्हणून नट आवळायचे ते इंजिन थंड असताना, मधून कडांकडे, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने. गळती दिसताच लांब पान्याने जोर लावला की आटे मरतात, हेड वाकते. गळती मात्र तशीच!

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये थांबली. सोनाळ्यात एखादी पद्मिनी अजून उभी असेल, तर हेड उतरवून त्यावर पोलादी पट्टी आडवी ठेवावी. खालून उजेड दिसला, तर ती फट कितीही आवळून मिटणार नाही.