मनावरील ओझ्याचें माप

नाणेघाटाच्या लेण्यांत सातवाहन राणी नागनिका हिच्या लेखांत यज्ञप्रसंगीं दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण यांचे आंकडे कोरलेले आहेत. भारतांतील अत्यंत प्राचीन अंकचिन्हांत त्यांची गणना होते. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीचा, असें परंपरा सांगते. मोजदादीची हौस जुन्नर प्रांतास जुनीच. पण जकात मोजणाऱ्या कारकुनाचें डोकें सायंकाळीं किती शिणलें, हें मोजावें असें कोणास सुचलें नाहीं. तें सुचावयास दुसरें महायुद्ध यावें लागलें.

ब्रिटिश विमानांत रडारच्या पडद्यावर शत्रूच्या पाणबुड्या हुडकणारे सैनिक कांहीं वेळानें डोळ्यांपुढची खूणही चुकवूं लागत. केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थ यांनीं यासाठीं एक घड्याळ केलें. त्याचा कांटा एकेक टप्पा सरके, क्वचित् मात्र दोन टप्पे एकदम ओलांडी. ती उडी टिपावयाची, एवढेंच काम. १९४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत पहिल्या अर्ध्या तासांतच नजर मंदावते असें दिसून आलें. काम थोडें म्हणून ओझें थोडें, हा हिशेब खोटा ठरला. परीक्षेच्या दालनांत तीन तास पहारा केलेल्या कोणाही शिक्षकास हें सांगावयास नको!

याच्या उलट टोंक २८ मार्च १९७९ च्या पहाटें अमेरिकेंतील थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्रांत दिसलें. कांहीं मिनिटांत शंभरांहून अधिक इशारे एकदम सुरू झाले. एक झडप उघडीच अडकली असतां फलकावरील दिव्यावरून ती मिटल्याचा समज झाला, व चालकांनीं थंडाव्याचें पाणीच कमी केलें. पुढें १९८८ सालीं हार्ट व स्टेव्हलँड या संशोधकांनीं नासा संस्थेंत एक प्रश्नपट सिद्ध केला. मेंदूचा श्रम, शरीराचा श्रम, वेळेची घाई, कामांतील यश, लागलेला प्रयत्न व वैताग, या सहा बाबतींत कामकऱ्यानें स्वतःच आपलें माप सांगावयाचें.

ही चर्चा परदेशची नव्हे. नारायणगांवाजवळ खोडद येथें गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ-दुर्बिणी उभ्या राहिल्या. १४ मध्यभागीं, १६ तीन बाहूंवर दूरवर पसरलेल्या. पाळीवरचा मनुष्य तासन्‌तास एकाच तारकेच्या मागें असतो. पण वारा फार वाढला कीं अवाढव्य थाळ्या आकाशाकडे तोंड करून थोपवाव्या लागतात. मॅकवर्थचा कंटाळा व थ्री माइलची धांदल एकाच खुर्चीवर! आंबेगांव तालुक्यांत डिंभे धरणावर भर पावसाळ्यांत पाण्याची पातळी पाहणाऱ्याची गतही निराळी नसावी.

आम्हांस शंका एवढीच कीं, उत्तर वरिष्ठांच्या हातीं पडावयाचें असेल, तर ‘वैताग’ या सदरांत खरें कोण लिहील? तो कागद निनांवीच असावा, व पाळी किती तासांची हें त्यावरून ठरावें.